सेट कोणता आणायचा? सलाईनच्या नळीतून उतरणाऱ्या रसायनांविषयी

केमोथेरपीच्या दिवशी सकाळी वॉर्डातून चिठ्ठी हातात येते: औषधाच्या व्हायल्स, सलाईन, आयव्ही सेट, सिरींज, हातमोजे. नातेवाईक खालच्या मेडिकलमध्ये जातो. औषधाचं नाव, त्याची ताकद, एक्स्पायरी हे सगळं तो दोनदा पडताळतो. सेटच्या बाबतीत मात्र दुकानदार काढून देईल तो घेऊन वर येतो. औषधाच्या किमतीपुढे त्या नळीची किंमत ती काय! पण काही औषधांच्या बाबतीत तीच नळी औषधात स्वतःची भर घालते, काहींच्या बाबतीत औषधच गिळून टाकते, आणि एखाद्या औषधापुढे तर प्लास्टिकचा तुकडाच विरघळतो.

वॉर्डातल्या सिस्टर, हॉस्पिटलच्या फार्मसीतले लोक, खरेदी बघणारे आणि पेशंटच्या उशाशी बसलेली माणसं, या सगळ्यांना उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे. प्लास्टिक चांगलं की वाईट, या वादातून वॉर्डात काही हाती लागत नाही. औषध कशात विरघळवलेलं आहे, ते कोणत्या प्लास्टिकला, किती वेळ आणि किती उष्णतेत लागून राहणार आहे, एवढं बघायची सवय लागली तरी पुष्कळ झालं.

आधी नळीबद्दल. पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक. घराच्या भिंतीवरून उतरणारे पाइप त्याचेच. त्याची मऊ, वळणारी, पारदर्शक नळी करायची तर त्यात तेलासारखा एक द्रव मिसळावा लागतो, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. वैद्यकीय साहित्यात वर्षानुवर्षं वापरला गेलेला प्लास्टिसायझर म्हणजे डीईएचपी. मऊ पिशवीच्या किंवा नळीच्या वजनात त्याचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो. एवढा मोठा वाटा असूनही तो पीव्हीसीच्या रेणूंना रासायनिक बंधाने बांधलेला नसतो, त्यांच्या मधल्या जागेत नुसता बसलेला असतो. त्यामुळे बाहेर त्याला मानवणारा द्रव आला की तो निघून जातो.

पाणी त्याला मानवत नाही. एका लिटर पाण्यात डीईएचपी जेमतेम काही मायक्रोग्रॅम विरघळतो. तेल, चरबी, अल्कोहोल आणि साबणासारखं काम करणारी रसायनं मात्र त्याला ओढून घेतात. कपड्यावरचा हळदीचा डाग पाण्याने हटत नाही आणि तेल चोळलं की सुटू लागतो, तसाच हा प्रकार. म्हणूनच साधं सलाईन, डेक्स्ट्रोज किंवा रिंगर लॅक्टेट नेहमीच्या सेटमधून गेलं तर काळजीचं कारण नाही. जुलाब होऊन सुकलेल्या पोराला सलाईन लावलं असताना हा लेख आठवून नळीकडे संशयाने बघत बसू नका.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. भारतात सलाईनच्या बऱ्याचशा बाटल्या पॉलिथिलीनच्या असतात, आणि पॉलिथिलीनला मऊ राहायला प्लास्टिसायझर लागत नाही. पण त्या बाटलीला जोडलेली नळी बहुतेक वेळा पीव्हीसीचीच असते. त्यामुळे ‘आमची बाटली पीव्हीसीची नाही’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. औषध शेवटी नळीतूनच जातं.

आता औषधाच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची घडी उघडा. पहिल्या पानावर औषधाचा मूळ घटक असतो, तो डॉक्टरांनी बघितलेला आहे. तुम्ही ‘एक्सिपियंट्स’ किंवा ‘इनॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट्स’ या मथळ्याखाली बघा. पॉलिसॉर्बेट ८०, क्रेमोफोर ईएल, डिहायड्रेटेड अल्कोहोल, सोयाबीन तेल, डायमिथिलॲसिटामाइड यांपैकी काही दिसलं की थांबायचं. क्रेमोफोर हा एरंडेलापासून बनवतात आणि त्याची नावं फसवी आहेत: कुठे पॉलिऑक्सिल ३५ कॅस्टर ऑइल, कुठे कोलिफोर. वस्तू तीच.

पॅक्लिटॅक्सेल हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगात हे औषध आपल्याकडे रोज असंख्य पेशंटना दिलं जातं. ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून नेहमीच्या इंजेक्शनच्या दर मिलिलिटरमध्ये ६ मिलिग्रॅम औषधासोबत ५२७ मिलिग्रॅम क्रेमोफोर असतो आणि जवळपास निम्मं आकारमान अल्कोहोलचं असतं. म्हणजे औषध नावापुरतं, बाकी सगळा विद्रावकच. हा विद्रावक पीव्हीसीतून डीईएचपी काढायला जणू मुद्दाम बनवल्यासारखा आहे. म्हणून या औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट सूचना असते: सौम्य केलेलं औषध काचेच्या, पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिओलेफिनच्या बाटलीत-पिशवीत ठेवा, आतून पॉलिथिलीनचं अस्तर असलेल्या सेटमधून द्या, आणि वाटेत ०.२२ मायक्रॉनपेक्षा मोठी छिद्रं नसलेला फिल्टर बसवा. डोसेटॅक्सेलमध्ये पॉलिसॉर्बेट ८० असतो. त्यालाही पीव्हीसी चालत नाही.

तेव्हा वॉर्डातून नुसतं ‘आयव्ही सेट १’ असं लिहून येऊ नये. ‘नॉन-पीव्हीसी किंवा पॉलिथिलीन-लाइन्ड सेट, ०.२ मायक्रॉन इनलाइन फिल्टरसह’ असं पूर्ण लिहावं. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे दहा सेकंद जातील. नातेवाइकांनी दुकानात एवढं बघावं की पाकिटावर हे शब्द छापलेले आहेत, आणि वर आल्यावर सिस्टरना पाकीट फोडण्याआधी दाखवावं. दुकानदार म्हणेल, ‘हा डीईएचपी-फ्री आहे, तेच झालं.’ तसं नाही. डीईएचपी-फ्री सेट पीव्हीसीचाच असू शकतो. त्यात दुसरा प्लास्टिसायझर घातलेला असतो. टीओटीएमसारखे काही पर्याय डीईएचपीपेक्षा बरेच कमी उतरतात हे खरं, पण माहितीपत्रकात ‘प्लास्टिसायझर असलेलं पीव्हीसी नको’ असं लिहिलं असेल तर ते या सेटलाही लागू होतं.

याच औषधाचा दुसरा अवतार आहे, अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं नॅब-पॅक्लिटॅक्सेल. त्यात क्रेमोफोर नाही, म्हणून त्याच्यासाठी डीईएचपी-मुक्त सेटची गरज नाही, आणि इतका बारीक इनलाइन फिल्टर तर त्याला लावत नाहीत. औषधाचं नाव तेच, आजार तोच, पण विद्रावक बदलला आणि नळीचा नियम उलटा झाला. फक्त नाव पाठ करून सेट देणाऱ्या फार्मसिस्टची इथे हमखास चूक होते.

सिक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं शिरेतून द्यायची झाली तर त्यांचाही विद्रावक एरंडेलाच्या घराण्यातलाच. तीच पथ्यं.

आता जरा उलट्या दिशेचा प्रवास. हृदयाच्या पेशंटला शिरेतून दिलं जाणारं नायट्रोग्लिसरीन पीव्हीसीची नळी शोषून घेते, तेही थोडंथोडकं नाही. साध्या पीव्हीसी नळीतून दिलं तर एकूण औषधाच्या ४० ते ८० टक्के भाग नळीतच मुरतो, असं त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं आहे. छातीतल्या कळेवर डोस वाढवत वाढवत नेला जातो तो या गळतीसकट. अशा वेळी मध्येच कुणी चांगल्या हेतूने न शोषणारी नळी लावली तर त्याच वेगाला पेशंटच्या रक्तात कितीतरी जास्त औषध पोचतं आणि रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून नायट्रोग्लिसरीन चालू असताना सेट बदलायचा तर कोणत्या प्लास्टिकचा आहे हे बघूनच, आणि प्रकार बदलत असेल तर डॉक्टरांना सांगून. इन्सुलिनही नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतं, म्हणून त्याची ड्रिप सुरू करण्याआधी नळीतून थोडं द्रावण सोडून देण्याची पद्धत अनेक आयसीयूंत आहे.

अमिओडॅरोनची गोष्ट या दोन्हींच्या मधली. हृदयाचे ठोके बिघडले की हे देतात. त्यात पॉलिसॉर्बेट ८० आहे, तो डीईएचपी ओढतो; आणि औषध स्वतः पीव्हीसीला चिकटतं. मग पीव्हीसी नळी बंद करावी, असं कुणालाही वाटेल. पण हे औषध चाचण्यांमध्ये पीव्हीसीच्या नळीतूनच दिलं गेलं होतं, डोस तिथल्या अनुभवावर ठरले, म्हणून माहितीपत्रक नळीबाबत त्या डोसना धरून राहायला सांगतं. बाटली मात्र काचेची किंवा पॉलिओलेफिनची हवी, जर औषध २ तासांपेक्षा जास्त वेळ चालणार असेल तर. शिवाय द्रावण जितकं घट्ट आणि वेग जितका कमी, तितका डीईएचपी जास्त उतरतो. कारण सरळ आहे: हळू जाणारा द्रव नळीच्या भिंतीशी जास्त वेळ रेंगाळतो. आपल्या मनाने ‘सुरक्षित’ सेट लावण्याआधी त्या औषधाची कुंडली बघावी लागते ती अशी.

प्लास्टिक विरघळण्याची गोष्ट अतिशयोक्ती वाटेल, पण ती खरी आहे. बेंडामस्टिन या कर्करोगावरील औषधाचं द्रावणरूप डायमिथिलॲसिटामाइडमध्ये केलेलं होतं. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की पॉली­कार्बोनेट किंवा एबीएस प्लास्टिकचे भाग असलेल्या सिरींज, ॲडॅप्टर आणि बंदिस्त औषध-हस्तांतरण साधनांशी या द्रावणाचा संपर्क आला तर ते भाग विरघळतात. बुसल्फानमध्येही हाच विद्रावक आहे, आणि त्याच्या माहितीपत्रकात पॉलीकार्बोनेटची सिरींज वापरू नका असं बजावलेलं आहे. एटोपोसाइड सौम्य न करता वापरलं तर ॲक्रिलिक आणि एबीएसच्या साधनांना तडे जाऊन ती गळल्याच्या नोंदी आहेत. पॉलिप्रॉपिलीन मात्र यात बहुतेक वेळा टिकून राहतं. थ्री-वे स्टॉपकॉकला बारीक तडा जाऊन औषध ठिबकत असेल तर तो ‘डिफेक्टिव्ह पीस’ म्हणून कचऱ्यात टाकण्याआधी त्यातून काय जात होतं ते विचारा. चरबीचं इमल्शन आणि अल्कोहोल हे दोन्ही पॉलीकार्बोनेटला तडे पाडणारे म्हणून ओळखले जातात.

डीईएचपीमुळे नेमकं होतं काय? शरीरात त्याचं विघटन होऊन एमईएचपी नावाचं रसायन तयार होतं आणि कोवळ्या वयाच्या नर उंदरांमध्ये त्याचा वृषणांवर परिणाम होतो, हे प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. माणसांत असा थेट पुरावा मिळवणं अवघड. पण युरोपने त्याला प्रजननाला घातक रसायनांच्या वर्गात टाकलं आहे. प्रौढ माणसाला एखाद्या दिवशी लावलेल्या ड्रिपची धास्ती घेण्याचं कारण नाही. लक्ष द्यायचं ते नवजात बाळांकडे, विशेषतः मुलग्यांकडे, आणि गरोदर स्त्रियांकडे. जुलै २००२ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने काढलेल्या सूचनापत्रात ज्या उपचारांची नावं होती त्यांत नवजात बाळाचं रक्त बदलणं, एक्मो (शरीराबाहेरच्या यंत्राने रक्तात प्राणवायू मिसळणं), बाळाला शिरेतून चरबीसह दिलं जाणारं पोषण, आणि वयात येणाऱ्या मुलग्यांचं डायलिसिस हे होतं. त्याच पत्रात हेही ठासून सांगितलं होतं की डीईएचपीच्या भीतीने यातला एकही उपचार टाळू नका. न केलेल्या उपचाराचा धोका कितीतरी मोठा आहे. पर्यायी साहित्य असेल तिथे ते वापरा, एवढंच.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, याचा अर्थ असा होतो: चरबीचं इमल्शन ईव्हीए या प्लास्टिसायझर न लागणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीतून आणि पीव्हीसी नसलेल्या नळीतून द्यावं, बाळाचं रक्त बदलताना शक्य तितकं ताजं रक्त मागावं. रक्तपेढीत थंड ठेवलेल्या पिशवीतूनही दिवसागणिक डीईएचपी रक्तात उतरतच असतो, कारण रक्तद्रवात चरबी आहे. ही गोष्ट नवी नाही. १९५० च्या सुमारास बोस्टनच्या कार्ल वॉल्टर या सर्जनने काचेच्या बाटलीऐवजी प्लास्टिकची रक्तपिशवी आणली. आणि १९७० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जेगर आणि रुबिन या संशोधकांनी अशा पिशवीतल्या रक्तात प्लास्टिसायझर उतरत असल्याचं दाखवून दिलं. मग इतकी वर्षं तो का राहिला? कारण डीईएचपी लाल रक्तपेशींच्या आवरणात शिरून त्यांना फुटण्यापासून वाचवतो, आणि त्याच्या मदतीने रक्त ४२ दिवसांपर्यंत टिकतं. ज्याला हाकलायचं, तोच राखणदार. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून २०३० पासून शिरेतून देण्याच्या द्रावणांच्या पिशव्यांमध्ये आणि २०३५ पासून नळ्यांमध्ये मुद्दाम घातलेल्या डीईएचपीवर बंदी आणली, पण रक्ताच्या पिशव्यांना त्यातून सूट दिली ती याच अडचणीमुळे.

घरी रायल्स ट्यूबने पेशंटला जेवण देणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो. साधी रायल्स ट्यूब पीव्हीसीची असते. दूध, डाळीचं पाणी, पोषणाची पावडर यांतली चरबी आणि पोटातला रस यांमुळे तिच्यातला प्लास्टिसायझर हळूहळू निघून जातो आणि नळी कडक होत जाते. कडक झालेली नळी नाकाच्या आणि अन्ननलिकेच्या आतल्या त्वचेला बोचते. ‘अजून चालतेय की’ म्हणून ती महिनाभर ठेवू नका. पाकिटावर जितक्या दिवसांची मुदत आहे तितकेच दिवस. पेशंटला दीर्घकाळ नळी लागणार असेल तर डॉक्टरांना सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनच्या नळीबद्दल विचारा. महाग असते, पण वारंवार बदलावी लागत नाही, आणि दर वेळी नळी घालताना पेशंटचे होणारे हाल वाचतात. कढत अन्न नळीतून कधीच देऊ नका. पेशंटला भाजेल हे तर आहेच, शिवाय उष्णतेने प्लास्टिसायझरही लवकर सुटतो.

उष्णतेवरून साठवणुकीचा विषय निघतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि अनेक लहान दवाखान्यांची औषधं पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवलेली असतात. प्लास्टिकमध्ये भरलेल्या द्रावणांवर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं लिहिलेलं असतं. खोक्यांची थप्पी खिडकीच्या उन्हात किंवा गाडीच्या डिकीत दिवसभर राहू देऊ नका. डिस्पोजेबल सिरींजमध्ये औषध आधीच भरून फ्रीजमध्ये ठेवण्याची सवयही सोडावी. सिरींज औषध देण्यासाठी बनवलेली असते, साठवण्यासाठी नाही. २०१५ मध्ये काही सिरींजच्या रबरी दट्ट्याशी संपर्क येऊन साठवलेल्या औषधांची ताकद कमी झाल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेत तसा इशारा दिला गेला होता.

खरेदी समितीत बसणाऱ्यांनी कंपनीकडून ‘बायोकॉम्पॅटिबल’ असा शिक्का असलेलं प्रमाणपत्र घेऊन समाधान मानू नये. रासायनिक चाचणीचा अहवाल मागावा आणि त्यातलं विद्रावकाचं पान उघडावं. आयएसओ १०९९३ या मालिकेच्या १८ व्या भागात अशी चाचणी कशी करायची ते दिलेलं आहे. साधनाचे तुकडे वेगवेगळ्या द्रवांत भिजवून ठेवतात: एक पाण्यासारखा, एक तेलाकडे झुकणारा, म्हणजे उदाहरणार्थ हेक्झेन, आणि एक मधला, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अल्कोहोल-पाण्याचं मिश्रण. तापमान आणि वेळ ठरलेले असतात, जसं ३७ किंवा ५० अंशांना ७२ तास, ७० अंशांना २४ तास. पातळ फिल्म असेल तर दर मिलिलिटर द्रवाला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. मग निघालेल्या द्रवात काय काय आहे ते यंत्रांवर शोधतात. नळी केमोथेरपीसाठी विकायची आणि चाचणी फक्त पाण्यात केलेली, असं असेल तर तो अहवाल तुमच्या कामाचा नाही. उलट टोकाची चूकही होते: पीव्हीसीच विरघळवून टाकणाऱ्या एखाद्या उग्र द्रवात नळी घातली तर बाहेर आलेल्या यादीने घाबरायला होईल, पण ती यादी पेशंटच्या रक्तात जाणार नसते. प्रयोगशाळेत जबरदस्तीने काढलेलं आणि प्रत्यक्ष वापरात उतरणारं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीचा द्रव प्रत्यक्ष औषधाच्या किती जवळचा आहे, हे विचारलंत की समोरच्या प्रतिनिधीची तयारी लगेच कळते.

पाकिटावर त्रिकोणी-वर्तुळाकार चिन्हांच्या गर्दीत ‘पीएचटी’ ही इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्याजवळ ‘डीईएचपी’ दिसलं तर त्यात थॅलेट वर्गातलं ते रसायन आहे. त्यावर फुली असेल तर नाही. चिन्ह अजिबात नसेल तर त्यावरून कुठलाच निष्कर्ष काढू नका, कंपनीला लेखी विचारा.

साधनामुळे काही विपरीत घडलं असा संशय आला, म्हणजे नळीला तडा गेला, औषधात तंतू किंवा गढूळपणा दिसला, सेट बदलताच पेशंटची प्रकृती अचानक बदलली, तर ते साधन, त्याचं पाकीट आणि बॅच क्रमांक जपून ठेवा. भारतात ६ जुलै २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम चालू आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे अशा घटनांची नोंद होते. डॉक्टर, सिस्टर, फार्मसिस्ट किंवा पेशंटचे नातेवाईक, कुणीही फॉर्म भरू शकतं. फॉर्ममध्ये साधनाची माहिती तपशिलाने विचारतात. त्याच्या शेजारी त्या वेळी नळीतून कोणतं औषध, कोणत्या विद्रावकात आणि किती वेगाने जात होतं, हेही लिहा.